दिवा लावून मोजा

मीटरबाईच्या पिशवीत मीटर दोनच. एक व्होल्टचा, एक अँपिअरचा. दोन्ही काट्यांचे, लाकडी पेटीतले, आणि वजनाला असे की बाईचा उजवा खांदा कायमचा खाली उतरलेला. बाजारात आता पंजाएवढा, आकडे उमटणारा, सगळं एकट्याने मोजणारा मीटर मिळतो, असं कोणी सांगितलं की ती म्हणायची, "मिळू दे की बापडा. मी कुठे त्याची वाट अडवलीय?" आणि पिशवी उचलून चालू लागायची.

"पण मावशी, मग ओहम कशाने मोजता?" हे हमखास कोणीतरी विचारायचं.

"भागाकाराने," ती म्हणायची.

ह्यात काही जादू नाही. व्होल्ट म्हणजे मागून ढकलणारा जोर. अँपिअर म्हणजे तारेतून वाहणारा प्रवाह. जोराला प्रवाहाने भागा, तारेने किती आडकाठी केली ते कळतं; तो रोध, तेच ओहम. त्याच जोराला प्रवाहाने गुणा, दिवा किती खातो ते कळतं, ते वॅट. झालं. एवढ्या भांडवलावर मीटरबाईने बावीस वर्षं लोकांची घरं, दुकानं, शिवणाचे कारखाने उजळले. हट्ट एकच, मोजायचं ते चालू असताना. काम संपलं की घरातले सगळे दिवे, पंखे, शेगड्या ती एकदम लावायला सांगायची, दोन्ही काटे वाचायची आणि मगच बोर्डाचं झाकण बंद करायची. "माणूस झोपलेला असताना त्याचा स्वभाव कळतो का?" हे तिचं ठरलेलं वाक्य. ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते. पण तिने टाकलेली तार जळाली, असं बावीस वर्षांत कोणाच्या तोंडून निघालं नव्हतं.

हे सगळं तिला कुठल्या शाळेने शिकवलं म्हणता? सातवीत तिची शाळा सुटली. खरं तर सोडवली, पण ते रडगाणं तिने कधी कोणाला ऐकवलं नाही. ऐन तारुण्यात ती एका तंत्रशाळेत झाडूवाली म्हणून लागली. वर्ग झाडायचे, जिने पुसायचे, आणि विजेच्या प्रयोगशाळेतली काचेची कपाटं लखलखीत ठेवायची. तिथले मास्तर ज्ञानाने डोंगराएवढे, पण नजर पार गेलेली. चष्मा इतका जाड की मागचे डोळे वाटाण्याएवढे दिसायचे. मीटरचा काटा त्यांना दिसेना. पण कबूल करतील कसे? पडलो तरी नाक वर! ते म्हणायचे, "बाई, जरा ही काच पुसा. आणि पुसता पुसता काटा कुठे आहे तेवढं सांगा."

बाई सांगायची. "दोनशे दहा. सर, ह्या दुसऱ्याचा दोनच्या पुढे एक बारीक रेघ." मास्तर मोठ्याने भागाकार करायचे, पोरं वहीत लिहून घ्यायची, बाई काच पुसत राहायची. असं वर्ष गेलं, दोन गेली. तिसऱ्या वर्षी मास्तर "दोनशे दहा भागिले दोन पूर्णांक एक" म्हणेपर्यंत कपाटाजवळून आवाज आला, "शंभर." वर्गात खसखस पिकली. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "आणि वॅट?" ती म्हणाली, "चारशे एक्केचाळीस." त्या दिवसापासून झाडू संध्याकाळी आणि धडा सकाळी, असं चाललं.

झाडूला अकरा वर्षं झाली तेव्हा मास्तरांनीच तिच्याकडून वायरमनच्या परीक्षेचा अर्ज भरून घेतला. परीक्षकाने पेपर पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "नुसती उत्तरं? पायऱ्या कुठे आहेत?"

"पायऱ्या मी अकरा वर्षं पुसत आलेय साहेब. त्या लिहायच्या असतात हे आज कळलं."

नापास! उत्तरं सगळी बरोबर, तरी नापास. पुढच्या वर्षी तिने दोन पुरवण्या भरून पायऱ्या लिहिल्या, इतक्या की तपासणाऱ्याला दम लागावा. तेव्हा कुठे तिचा फोटो चिकटवलेला, शिक्का मारलेला परवाना हातात आला. वय छत्तीस. परवाना मिळाला म्हणून कामं मिळाली असं थोडंच? "बाईमाणूस आणि वायरिंग?" म्हणून कितीतरी दारं तोंडावर लागली. ती दुसऱ्या दारात जाऊन उभी राहायची. पुढे एका खोलीचं दुकान झालं, मुलगा मोठा होऊन दूरच्या कामावर गेला, सून आली. सून टायपिंग शिकलेली, अक्षरागणिक नेमकी, पण स्वभावाने भित्री. तिला नोकरी लागली ती नेमकी वीज-तपासणीच्या ऑफिसात, म्हणजे जिथून सासूचा परवाना यायचा आणि जिथून तो जाऊही शकला असता. तेव्हा ही गोष्ट कोणाच्या मनातही आली नव्हती.

आता कोंबडीवालीकडे येऊ. ही मीटरबाईची जुनी गिऱ्हाईक. गावाच्या कडेला तिची पत्र्याची लांब शेड. एक दिवसाची पिल्लं आणायची, ऊब देऊन तीन-चार आठवडे वाढवायची आणि विकायची, हा तिचा धंदा. ऊब देण्यासाठी शेडमध्ये चार मोठे लाल काचेचे दिवे टांगलेले. एकेक अडीचशे वॅटचा. वायरिंग मीटरबाईचं, पाच वर्षांपूर्वीचं.

थंडीतल्या एका सकाळी शेडमधून धूर निघाला. वाऱ्यासाठी लावलेला पोत्याचा पडदा अर्धा जळाला. पिल्लं सगळी वाचली, माणसाला ओरखडाही नाही. कोंबडीवाली बाई सरळ होती. तिने सगळ्यांदेखत सांगितलं, "माझीच चूक. गारठा वाढला म्हणून मी दिवा दोरीने खाली घेतला, तो पडद्याला टेकला." वास्तविक विषय इथेच संपायला हवा होता. पण धूर म्हटला की चौकशी, आणि चौकशी म्हटली की साहेब.

साहेब आले. तरणेबांड, सात महिन्यांपूर्वी रुजू झालेले, शर्टाची इस्त्री अशी की बाहीच्या घडीवर बोट कापावं. मीटरबाईने मनातल्या मनात त्यांचं बारसं तिथल्या तिथे उरकलं: इस्त्रीसाहेब. त्यांच्या हातात तो पंजाएवढा मीटर आणि काखेत फॉर्म. त्यांनी मुख्य स्विच बंद केला, एक लाल दिवा काढला, त्याच्या तळाला मीटरच्या दोन्ही तारांची टोकं लावली. आकडा उमटला: अठरा.

"अठरा ओहम," इस्त्रीसाहेब म्हणाले आणि लिहू लागले. "दोनशे तीस भागिले अठरा, म्हणजे पावणेतेरा अँपिअर. गुणिले दोनशे तीस, जवळजवळ तीन हजार वॅट. बाई, असे चार दिवे. पावणेबारा हजार वॅट! मंजूर भार किती? तीन हजार. आग लागणार नाही तर काय होईल?"

मीटरबाई म्हणाली, "साहेब, दिवा अडीचशे वॅटचा आहे."

"कुठे लिहिलंय?"

काचेवरची अक्षरं उष्णतेने केव्हाच उडून गेली होती. "कुठेच नाही," ती म्हणाली. "पण पावणेबारा हजार वॅट खेचले असते तर फ्यूज राहिला असता का जागेवर?"

"तेच तर!" साहेबांना जणू चोर सापडला. "फ्यूज उडाला नाही, ह्याचा अर्थ त्यात जाड तार घातली होती." त्यांनी फ्यूज उघडला. आत नियमाची बारीक तार. साहेब झाकण लावत म्हणाले, "माझ्या येण्याआधी बदललीत."

मीटरबाईची कानशिलं तापली. वायरिंग चुकलं म्हटलं असतं तर तिने दाखवून दिलं असतं. पण हा माणूस तिला लबाड म्हणत होता. ती म्हणाली, "दिवा लावून मोजा. माझे दोन मीटर आहेत. व्होल्ट बघा, अँपिअर बघा, दोन मिनिटांचं काम."

"फॉर्ममध्ये अँपिअरचा रकाना नाही," साहेब म्हणाले. आणि खरंच नव्हता! रकाने पाच: दिनांक, ठिकाण, व्होल्ट, रोध, वॅट. रोध मोजायचा तो पुरवठा बंद ठेवून, असं खाली बारीक अक्षरात छापलेलं. फॉर्म बनवणाऱ्याने समोर इस्त्री आणि पाणी तापवायचा रॉड धरून तो बनवला असावा. त्यांची तार थंड असो की गरम, रोध फारसा हलत नाही. दिव्याची तार निराळ्या जातीची. पण छापील कागदाला कोण समजावणार? फॉर्म भरला, सही झाली, साहेब गेले.

आठवड्याने नोटीस आली. दोन वाटा दिल्या होत्या. दोष मान्य केला तर परवाना सहा महिने बंद. अमान्य केला तर सुनावणी, आणि सुनावणीत दोष सिद्ध झाला तर परवाना कायमचा रद्द.

संध्याकाळी सुनेने नोटीस वाचली. वाचायची काय गरज, तिनेच ती टाईप केली होती. "आई, मान्य करून टाका ना," ती म्हणाली. "दोन ओळी तर लिहायच्यात. सहा महिने काय, असे जातील."

"जातील की. आणि सातव्या महिन्यात मला कोण बोलावेल? 'हिनेच लिहून दिलंय, आग माझ्यामुळे लागली' म्हणतील."

"पण रद्दच झाला तर? हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं?"

"हातचं काय आहे अगं? मी लबाड असल्याची माझी स्वतःची सही? तसलं हातचं मला नको."

सुनेचे डोळे भरून आले. "मला तिथे रोज जाऊन बसायचंय, आई. नोकरी अजून पक्की नाही माझी. मोठे साहेब आजच म्हणाले, 'सासूबाईंना समजवा.' म्हणजे काय ते कळतंय ना तुम्हाला?"

मीटरबाईला कळत होतं. न कळायला ती काय दुधखुळी होती? सुनेच्या ताटात तिने भाजी वाढली आणि म्हणाली, "तू माझी बाजू घेऊ नकोस. टाईप करायचं ते कर, मान खाली घाल. भांडण माझं आहे, मी निस्तरीन." सून जेवली नाही. मीटरबाई मात्र पोटभर जेवली, कारण उपाशीपोटी तिला आकडेमोड सुचत नसे.

सुनावणीच्या दिवशी ती ऑफिसात शिरली ती एका लाकडी फळीसकट. फळीवर दिव्याची बैठक, एक फ्यूज, एक स्विच, आणि मीटर जोडायला पितळी स्क्रू. बगलेत गुंडाळलेला तोच लाल दिवा. लांबट खोली, भिंतीला लागून फायलींचे गठ्ठे, एका टोकाला मोठ्या साहेबांचं टेबल. मोठे साहेब निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले, आवाज मऊ, हात सतत पेपरवेटवर. शेजारी इस्त्रीसाहेब. खिडकीपाशी संगणकावर सून, मान खाली.

"बाई, हे काय आणलंत?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"साक्षीदार," ती म्हणाली आणि फळी त्यांच्या टेबलावर ठेवली.

भिंतीतल्या सॉकेटमध्ये तिने प्लग घालून पाहिला तर सॉकेट डुगडुगत होतं. वीज-तपासणीच्या ऑफिसातलं सॉकेट! आपल्याच डोळ्यातलं मुसळ कोणाला दिसतं? तिने खोलीचा स्विच बंद करायला लावला, खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला, दोन आटे आवळले. मग स्विच पुन्हा चालू करायला लावला.

"साहेब, आधी तुमच्या मीटरने मोजा," ती इस्त्रीसाहेबांना म्हणाली. त्यांनी मोजलं. अठरा. "मान्य. मी कुठे नाही म्हणतेय? दिवा थंड आहे, अठराच येणार. आता तुमच्या हिशेबाने हा पावणेतेरा अँपिअर घेणार. बरोबर?"

"बरोबर."

"मग ह्या फ्यूजमध्ये पाच अँपिअरची तार तुम्हीच घाला. तुमच्या ऑफिसच्या रिळावरची. उगाच म्हणाल, बाईने आणली."

साहेबांचा चेहरा जरा उतरला, पण मोठे साहेब बघत होते. त्यांनी कपाटातून रीळ आणलं, तार कापली, स्वतःच्या हाताने बांधली. मीटरबाईने अँपिअरचा मीटर दिव्याच्या वाटेतच जोडला, म्हणजे सगळा प्रवाह त्याच्यातून जावा. व्होल्टचा मीटर दिव्याच्या दोन टोकांवर जोडला. "पावणेतेराने पाचाची तार वितळेल. वितळली तर मी परवाना इथेच तुमच्या टेबलावर ठेवते. दाबा स्विच."

इस्त्रीसाहेबांनी दाबला. दिवा लागला, टेबल लालभडक झालं, फायलींच्या गठ्ठ्यांवर ऊब पोचली. सगळे फ्यूजकडे बघत होते. एक मिनिट गेलं, दोन गेली. तार जशीच्या तशी.

"काटे वाचा," मीटरबाई म्हणाली.

मोठे साहेब स्वतः वाकले. "व्होल्ट दोनशे चोवीस. अँपिअर... एक आणि वर एक रेघ. एक पूर्णांक एक."

"दोनशे चोवीस भागिले एक पूर्णांक एक. दोनशे चार ओहम. अठरा नाही, दोनशे चार. गुणा, दोनशे सेहेचाळीस वॅट." तिला कागद लागला नाही. "थंड तार म्हणजे रिकामी गल्ली, साहेब. कोणीही धावत जावं. तापली की तीच गल्ली बाजाराच्या दिवशीची होते, धक्के खात सरकावं लागतं. तुम्ही रिकामी गल्ली मोजलीत आणि लिहिलंत की बाजारात चेंगराचेंगरी झाली."

इस्त्रीसाहेब म्हणाले, "पण... मीटर तर खोटं बोलत नाही."

"नाहीच बोलत. तुम्ही त्याला भलत्या वेळी विचारलंत. थांबा, त्यालाच विचारू. स्विच बंद करा, प्लग काढा, आणि काढल्या काढल्या तुमचा मीटर ह्या दोन स्क्रूंवर टेका. चला, घाई करा!"

त्यांनी केलं. त्यांच्याच हातात, त्यांच्याच मीटरवर आकडे पळू लागले. साठ. अठ्ठेचाळीस. पस्तीस. सत्तावीस. बावीस. आणि हळूहळू अठरावर येऊन बसले. तो तरुण आकड्यांकडे बघत राहिला. वाईट नव्हता तो. त्याला कोणी कधी दिवा लावून मोजायला सांगितलं नव्हतं, इतकंच. "हे खरं आहे," तो हळूच म्हणाला. "साहेब, माझं चुकलं."

इथे गोष्ट संपावी असं कोणालाही वाटेल. मीटरबाईलाही वाटलं. ती फळी आवरायला लागली. पण मोठ्या साहेबांचा हात पेपरवेटवर फिरायला लागला.

"बाई, तुम्ही हुशार आहात," ते म्हणाले. "पण अहवाल वर गेलाय. आता 'काही दोष नव्हता' म्हटलं तर वरून विचारतील, मग फॉर्म चुकीचा का? चार वर्षं हाच फॉर्म आहे. आपण असं करू. 'किरकोळ दोष आढळला, समज देण्यात आली.' परवाना तुमचा तुमच्याकडे. सहा महिने नाहीत, सहा दिवसही नाहीत. सापही मेला आणि काठीही शाबूत."

खिडकीपाशी सुनेने सुटकेचा श्वास सोडला. तो मीटरबाईला ऐकू आला.

"कुठला दोष?" तिने विचारलं.

"अहो, कुठलाही. नावापुरता."

"म्हणजे नसलेला."

"बाई, शब्दाला शब्द वाढवू नका."

आणि मग मीटरबाईचं डोकं जे सटकलं ते सटकलंच. "चार वर्षं!" ती म्हणाली. आवाज असा की बाहेरचा शिपाई आत डोकावला. "चार वर्षं तुम्ही थंड दिवे मोजताय? आजवर किती जणांना ह्या कागदावर दोषी ठरवलंत? किती जणांनी भिऊन सह्या केल्या? त्यांना कोणी मास्तर भेटला नव्हता, म्हणून ते लबाड? तुमचं स्वतःचं सॉकेट डुगडुगतंय, ते आवळायला तुम्हाला झाडूवाली लागली, आणि तुम्ही मला समज देणार? दिव्याला इस्त्री समजणारं ऑफिस आहे हे! नावापुरतासुद्धा दोष मी घेणार नाही. एक ओहमचाही नाही."

मोठ्या साहेबांचा मऊ आवाज गेला. चेहरा त्या दिव्यासारखा लाल झाला. "बस्स! लिहा हो," ते सुनेकडे वळून म्हणाले. "आदेश. 'सुनावणीदरम्यान अधिकाऱ्यांशी उद्धट वर्तन केल्याबद्दल परवाना तीन महिने स्थगित करण्यात येत आहे.' घ्या छापून."

मीटरबाईने कंबरेवर हात ठेवले. "उद्धट? आहेच मी. तीन महिने काय, चार लिहा. पण वायरिंगचं काय, तेही लिहा."

"त्याची गरज नाही."

"नाही कशी? चौकशी आगीची, आणि परवाना बंद. लोक काय समजायचं ते समजतील."

"लोकांचं मला सांगू नका. लिहिलंत का हो?"

खिडकीपाशी काहीच वाजेना. सुनेची बोटं कीबोर्डवरून उचलली गेली होती. तिने ती मांडीवर ठेवली. मान अजून खालीच.

"साहेब," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की इस्त्रीसाहेबांना पुढे वाकावं लागलं. "आदेश अपुरा आहे. आधी तपासणीचा निष्कर्ष येतो, मग शिक्षा. वायरिंगबद्दल काय लिहू?"

"काही लिहू नका. सांगितलं ना?"

"मग मी टाईप करणार नाही."

मीटरबाईने वळून पाहिलं. ही तिची सून. झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढणारी, दूधवाल्याशीही भांडायला लाजणारी. "अगं," मीटरबाई म्हणाली, "तू कशाला मध्ये पडतेस? तुझी नोकरी—"

"तुम्ही गप्प बसा, आई," सून म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. तिचे हात मांडीवरून उठत नव्हते. "मी दोनशे चोवीस आणि एक पूर्णांक एक कानांनी ऐकलंय, साहेब. मला ते ऐकलं नाही असं छापता येणार नाही. दुसऱ्या कोणाला बसवा इथे."

दुसरं कोण होतं? मोठ्या साहेबांनी इस्त्रीसाहेबांकडे पाहिलं. त्या तरुणाने खिशातून पेन काढलं, आपल्या जुन्या फॉर्मवरचे अठरा ओहम आडव्या रेघेने खोडले, समासात व्होल्ट आणि अँपिअर लिहिले, खाली सही केली आणि कागद साहेबांपुढे सरकवला. "निष्कर्ष हा आहे, साहेब," तो म्हणाला. "खाडाखोडीची जबाबदारी माझी."

मोठ्या साहेबांनी पेपरवेट उचलून त्या कागदावर ठेवला. मग दमलेल्या आवाजात त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि खिडकीपाशी कीबोर्ड वाजू लागला.

बाहेर रस्त्यावर आल्यावर सुनेला रडू फुटलं. "उद्या मला काढून टाकतील."

"टाकतील कदाचित," मीटरबाई म्हणाली. खोटा धीर देणं तिला जमत नसे. तिने फळी ह्या काखेतून त्या काखेत घेतली आणि मोकळ्या हाताने सुनेचा हात धरला. "टाकलंच तर दुकानात ये. मला गप्प बसवणारं कोणीतरी पाहिजेच आहे." सून रडता रडता हसली आणि नाक पुसत म्हणाली, "मी तसं म्हणायला नको होतं." "हवं होतं," मीटरबाई म्हणाली, "फक्त दहा वर्षं उशीर केलास."

सुनेला काढलं नाही. नोकरीही पक्की केली नाही. तिचा अर्ज अजून फिरतोच आहे. मीटरबाईने तीन महिने एकाही तारेला हात लावला नाही. नियम म्हणजे नियम. दुकान मात्र उघडं ठेवलं. समोरच्या भिंतीवर, आत शिरणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर, तो आदेश काचेच्या चौकटीत लावला. शिक्का, सही, तारीख, सगळं स्पष्ट दिसेल असा.

एक दिवस नव्या घराच्या कामासाठी एक गिऱ्हाईक आलं. त्याने चौकटीतला कागद खालपासून वाचला आणि बिचकला. "मावशी, परवाना बंद? उद्धट वर्तन? अहो, असलं कोणी भिंतीवर लावतं का?"

"वरून वाच," मीटरबाई म्हणाली. "मोठ्याने."

त्याने वाचलं. "'दिवा चालू स्थितीत ठेवून केलेल्या मोजणीनुसार सदर वायरिंग पूर्णपणे निर्दोष आढळले आहे.'"

"ती ओळ पटत असेल तर पुढच्या महिन्यात ये, तुझं घर मी करते. पटत नसेल तर दुसरीकडे जा," ती म्हणाली. "आणि खालच्या ओळीचं म्हणशील, तर त्यात ऑफिसचं काही चुकलेलं नाही."